औंधचे नमस्कार आणि शाळेतली खिचडी

शाळेत पी.टी.च्या तासाला सूर्यनमस्कार घातले नाहीत असा मराठी माणूस विरळाच. ही प्रथा शाळेत रुजवण्यात एका राजाचा मोठा वाटा आहे. औंध संस्थानचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

मजा म्हणजे या गृहस्थांची सुरुवात सँडोच्या पाश्चात्त्य व्यायामाने झाली. बरीच वर्षं तो केल्यावर 1908 च्या सुमारास, मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून, ते नमस्काराकडे वळले. 1909 मध्ये गादीवर आले आणि पुढे संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले. राजा स्वतः रोज घालत होता, हे मला त्या हुकुमापेक्षा महत्त्वाचं वाटतं. 1938 साली 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं तेव्हा ते सत्तरीचे होते. (नावातले दहा म्हणजे नमस्काराच्या दहा स्थिती. आपण शाळेत बारा मोजायचो!)

नमस्कारांच्या जोडीला ते आहारावरही बोलत. पॉलिश केलेला तांदूळ नको, चहा-कॉफी नको, वगैरे. आणि इथे मी अडखळतो. नमस्काराला पैसा लागत नाही. हातभर जागा आणि मास्तरांची शिट्टी पुरते. म्हणून एका छोट्या, गरीब संस्थानात तो हुकूम चालू शकला. ताटाचं तसं नाही. साताऱ्याकडच्या दुष्काळी गावातल्या पोराला पॉलिशचा तांदूळ सोडा म्हणून काय सांगणार? त्याच्या घरी ज्वारीची भाकरी होती, तीही पोटभर असेलच असं नाही.

ताटाची सोय सरकारने करायला फार काळ जावा लागला. 1995 मध्ये देशभरची योजना आली, ती पहिली ते पाचवीसाठी. पुष्कळ ठिकाणी मुलांना महिन्याला 3 किलो धान्य घरी मिळायचं. शिजवलेलं द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2001 मध्ये बजावलं, तेव्हा कुठे शाळाशाळांतून खिचडीची पातेली चढली. सहावी ते आठवीच्या मुलांना तर त्यासाठी 2008-09 साल उजाडावं लागलं. म्हणजे नेमकं वाढीचं, सतत भूक लागण्याचं वय! त्यांच्यासाठी ठरलं रोज 150 ग्रॅम धान्य, 30 ग्रॅम डाळ, 75 ग्रॅम भाजी.

खिचडीला नावं ठेवणारे खूप भेटतात, आपल्या नात्यातही आहेत (वाचत असालच!). पातळ असते, तीच ती असते, हे खरंच. पण रिकाम्या पोटी बारा नमस्कार घालून बघा एकदा.