तुर्की टोपी

तांबडी, गोंडेदार तुर्की टोपी तुर्कांची सनातन टोपी असावी, असा माझा कित्येक वर्षे समज होता. तसे नाही. १८२९ साली सुलतान दुसरा महमूद याने सरकारी नोकरांची पागोटी उतरवून ती त्यांच्या डोक्यावर चढविली. पागोट्यावरून माणसाचा दर्जा नि धर्म ओळखू येई. सुलतानाला ते भेद पुसायचे होते. सनातनी चिडले. आणि गंमत अशी की, पुढे हीच टोपी मुसलमानी बाण्याची खूण ठरली. वास्तविक तिचा मोठा पुरवठा होई ऑस्ट्रियातून! १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला, तेव्हा इस्तंबूलकरांनी बहिष्कार म्हणून याच टोप्या फाडल्या.

१९२५ च्या ऑगस्टमध्ये मुस्तफा केमाल कास्तामोनूला पनामा हॅट घालून गेला. नोव्हेंबरात हॅटचा कायदाच झाला. नमाज पढताना कपाळ जमिनीला टेकवावे लागते, तिथे हॅटची कड आड येते. ही अडचण मला तरी खोटी वाटत नाही. इस्किलिपच्या आतिफ होजांनी हॅटविरुद्ध पुस्तिका लिहिली होती, ती १९२४ साली, म्हणजे कायद्याच्या आधी. तरीही १९२६ च्या फेब्रुवारीत अंकारात त्यांना फाशी दिले.