आईची परसबाग : खर्ड्याच्या इतिहासाचे एक न लिहिलेले पान

खर्डा म्हटले की शाळेत इतिहास शिकलेल्या मराठी माणसाला ११ मार्च १७९५ ही तारीख आठवते. हैदराबादचा निजाम अली आणि मराठे यांच्यात त्या दिवशी येथे लढाई झाली. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या नेतृत्वाखाली शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले एकत्र लढले. मागे रेटल्या गेलेल्या निजामाने रात्रीच्या अंधारात खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला. निंबाळकरांचा हा किल्ला भक्कम खरा. परंतु एवढ्या मोठ्या सैन्याला पुरेल इतके अन्नपाणी आत कोठून येणार? मराठ्यांचा वेढा पडला, आत पाण्याची व दाण्याची टंचाई झाली आणि अवघ्या काही दिवसांत निजामाला तह करावा लागला. आमच्या गावाचे नाव ज्या विजयामुळे पुस्तकात आले, त्याचा शेवटचा निकाल तोफांइतकाच घागरीने आणि कणगीने लावला, असे मला नेहमी वाटत आले आहे.

गावाच्या नावाला आणखी एक अर्थ आहे आणि तो पुस्तकाबाहेरचा आहे. ‘मी खर्ड्याचा’ असे सांगितले की नवा माणूस हसून विचारतो, ‘मिरचीच्या का?’ आमच्या घरी दोन्ही खर्डे होते. आई चुलीवरच्या लोखंडी तव्यात तेलाचे दोन थेंब टाकून हिरव्या मिरच्या परतायची, त्यात लसणाच्या पाकळ्या, जाड मीठ आणि भाजलेले शेंगदाणे घालायची आणि पितळी तांब्याच्या बुडाने तव्यातच रगडायची. त्या खकाण्याने सारे घर खोकू लागे आणि खोकता खोकताच आम्ही भावंडे ताटाभोवती गोळा होत असू. बाजरीची गरम भाकरी, खर्डा आणि परसातली एखादी पालेभाजी. याहून अधिक काही ताटात असले तर तो नाताळ किंवा पुनरुत्थानाचा सण असे.

आईच्या या साध्या स्वयंपाकाला इतिहास आहे, हे मला फार उशिरा कळले. तो मला आधी आजीने सांगितला.

आमचे घर गावकुसाबाहेरचे. बलुतेदारीच्या काळात येसकरपाळी आली की आमच्या वाडवडिलांनी गावाची कामे करायची आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची, अशी रीत होती. तो हक्क म्हणवला जात असे. परंतु तो घेताना मान खाली घालावी लागे. फडक्यात निरनिराळ्या घरच्या भाकऱ्या एकत्र येत. काही ताज्या, बऱ्याचशा शिळ्या. उरलेले कोरके वाळवून ठेवले जात आणि पावसाळ्यात ते पाण्यात शिजवून खाल्ले जात. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उष्टे आणि मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले; ते आमच्यासारख्या घरांना उद्देशूनच होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली. आजी म्हणायची, ‘दुसऱ्याच्या दारची भाकरी कधी गोड लागली नाही रे, पण पोट ऐकतं का?’

आजीचे माहेर राहुरी तालुक्यातले. १८७६ ते १८७८ या महादुष्काळानंतरच्या काळात त्या भागात केंदळ, वळण अशा गावी जेझुइट मिशनऱ्यांनी काम सुरू केले आणि आजीच्या पूर्वजांनी बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे ‘पोटासाठी बाटलेले’ हा टोमणा आमच्या कुटुंबाने तीन-चार पिढ्या ऐकला. लहानपणी तो मलाही ऐकावा लागला. मी रडत घरी आलो, तेव्हा आई भाजी निवडत होती. ती रागावली नाही. मला परसात नेऊन म्हणाली, ‘हे बघ. यातलं कुणाच्या दारचं आहे का?’

त्या परसाचे वर्णन केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. घरामागे तीन-चार खाटा मावतील एवढी जागा, भोवती काट्याकुपाट्यांचे कुंपण. न्हाणीचे पाणी एका बारीक चरीने आळवाकडे जाई आणि तेथून पपईच्या आळ्यात मुरे. भांडी राखेने घासली जात. ते पाणी आई घमेल्यात साठवून मिरच्यांच्या आणि वांग्यांच्या रोपांना घालायची. कुंपणावर दोडका, घोसाळे आणि कारले, छपरावर डांगराचा वेल, कोपऱ्यात शेवगा. पावसाळ्यात तांदुळजा व घोळ आपसूक उगवत आणि आई त्यांना कधी गवत म्हणून उपटू देत नसे. अंबाडीचा वाफा मात्र मुद्दाम केलेला असे. अंबाडीची भाजी, त्यात ज्वारीच्या कण्या आणि वरून लसणाची फोडणी. त्या आंबट वासाने आजही मला आमचे घर दिसते.

बालाघाटच्या अंगाचा हा आमचा जामखेड तालुका कमी पावसाचा. येथला स्वयंपाक पाणी मोजूनच घडला आहे. हुलगा कोरड्या जमिनीत येतो, म्हणून हुलग्याचे शेंगोळे आणि माडगे. उन्हाळ्यात भाजी मिळत नाही, म्हणून डाळीचे सांडगे आणि वाळवलेल्या गवारी. माडगे आजारी माणसाला, बाळंतिणीला आणि परीक्षेला निघालेल्या मुलालाही. महिन्यातून एकदा दौऱ्यावर येणाऱ्या फादरांना मिस्सा झाल्यावर आई तेच देई. त्या वेळी आमचा जिल्हा पुणे धर्मप्रांतात होता. नाशिक धर्मप्रांत पुढे १९८७ साली झाला. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला निघताना तिच्या शिदोरीत दशम्या आणि खर्डा ठरलेला असे. प्रवासात जो कोणी शेजारी बसेल, त्याला ती प्रथम देई. घेणाऱ्याची जात ती विचारीत नसे. काही घेणारे मात्र विचारीत.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मला आठवते ते थोडेच : खडी फोडून आलेल्या आईच्या हातांवरच्या चिंध्या, कामावर मिळणारी सुकडी आणि मिलो या तांबड्या परदेशी ज्वारीची, थापताना चिरणारी भाकरी. बाकीचे मोठेपणी वाचले. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांत माझे आईवडील होते.

त्या वर्षी परस वाळून गेले. शेवगा तेवढा उभा राहिला. त्याचा पाला ओरबाडून आम्ही खाल्ला. घरात एक वाळलेला भोपळा आढ्याला टांगलेला असे. त्या तुंब्यात आईचे बियाणे होते : डांगर, दोडका, घेवडा, अंबाडी आणि मूठ-दोन मूठ हुलगा, राखेत कालवून, तोंडाला शेणमातीचे लिंपण केलेले. एका रात्री घरात पीठ नव्हते. वडिलांनी तुंबा खाली काढला. हुलगा आणि घेवडा शिजला असता, एक वेळ निभावली असती. आईने तुंबा त्यांच्या हातातून घेतला आणि पुन्हा टांगला. ‘बी खाल्लं तर पुढच्या साली कुणाच्या दारी जायचं?’ एवढेच ती म्हणाली. त्या रात्री आम्ही पाणी पिऊन निजलो. धाकटी बहीण बराच वेळ रडत होती. हा प्रसंग आई अभिमानाने कधी सांगत नसे. सांगायची वेळ आली की तिचा आवाज खाली जाई. लेकराला उपाशी ठेवून बी राखले, याचे तिला अखेरपर्यंत वाईट वाटत होते. सारफथच्या विधवेची कथा मी वेदीवरून सांगतो, तेव्हा मला ती रात्र आठवते. त्या विधवेचे पीठ सरले नाही. आमचे सरले होते.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. बी उगवले. ज्या घरातून आम्हांला टोमणे येत, त्या घरचेही बियाणे दुष्काळात संपले होते. त्या घरची बाई कुंपणाबाहेर उभी राहून म्हणाली, ‘डांगराचं बी असंल तर दे.’ आईने पदरात बी घातले आणि अंबाडीही दिली. दुष्काळापूर्वी त्या घरी आम्ही मागायला गेलो असतो तर पायरीवर उभे राहावे लागले असते. आईने तिला परसात बोलावले. ती क्षणभर घुटमळली आणि आत आली. खर्ड्याच्या तहाची कलमे पुस्तकात आहेत. या तहाची नाहीत.

त्याच काळात आमच्या तालुक्यात दुसरा एक इतिहास घडत होता. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, बहुधा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करणे हे त्यांच्या कामाचे मर्म होते. रोगाचे मूळ पुष्कळदा पाण्यात आणि ताटात असते, हे त्यांनी ओळखले होते. या कार्यासाठी १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पालेभाजी, शेवगा, पपई लेकरांना द्या, असे कोणी आईला सांगितले की ती हसून म्हणे, ‘आमच्या सासूबाईंनी हेच सांगितलं होतं, फक्त त्यांना पुरस्कार मिळाला नाही.’ तरी पाणी उकळून पाजणे ती अशाच सांगण्यातून शिकली आणि ते तिने कधी सोडले नाही.

आता माझ्या एका अपराधाची कबुली देतो. सेमिनरीत गेल्यावर मला आईच्या स्वयंपाकाची लाज वाटू लागली. पहिल्या सुट्टीनंतर तिने हुलग्याचे भाजलेले पीठ आणि खर्डा बांधून दिला होता. शहरातून आलेल्या सोबत्यांसमोर ती पुरचुंडी सोडण्याचे धैर्य मला झाले नाही. ती मी पेटीच्या तळाशी ठेवली. खर्डा नासला आणि पिठाला जाळी धरली. एका संध्याकाळी ते सारे गुपचूप टाकून दिले. चर्चचा इतिहास, तत्त्वज्ञान, ईशज्ञान मी मन लावून शिकलो. आईने पत्रातून विचारले, ‘पीठ पुरले का?’ मी उत्तर दिले, ‘पुरले.’

आई २००९ साली देवाघरी गेली. अंत्यविधीनंतर घर आवरताना आढ्याचा तुंबा खाली काढला. लिंपण सुटले होते आणि आतले बी किड्यांनी पोखरले होते. शेवटची काही वर्षे तिच्याने परस होत नव्हते. भाजी बाजारातून येई आणि बी दुकानातून. तिच्या छपरावरचे ते चपटे, फिकट रेघांचे डांगर मी त्यानंतर कोठे पाहिलेले नाही. शेजारणीच्या घरी चौकशी केली. तेथेही संकरित बियाण्यानंतर जुने वाण राहिले नव्हते.

आमच्या याच जिल्ह्याच्या, आजच्या अहिल्यानगरच्या, दुसऱ्या टोकाला अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या त्या माउलीचे छायाचित्र वर्तमानपत्रात पाहिले, तेव्हा आनंद झाला आणि डोळेही भरून आले. खर्ड्यात आमच्याकडे असा एक तुंबा होता. तो आम्ही राखला नाही.

धर्मगुरू म्हणून माझ्या ताब्यात जुन्या नोंदवह्या असतात. माणसाचा बाप्तिस्मा, विवाह, दफन. प्रत्येकी एक ओळ. माझी आई अशा तीन ओळींत संपते. तिने राखलेले बी, तिने कुंपणातून आत बोलावलेली शेजारीण, पाण्यावर काढलेली ती रात्र यांना त्या वह्यांत रकाना नाही. ‘पोटासाठी बाटलेले’ म्हणणाऱ्यांना आपण आजवर वादविवादाने उत्तर देत आलो. आपल्या आयांनी ते परसात, उपाशीपोटी दिले होते; आपण ते लिहून ठेवले नाही.

वाचकहो, ज्यांची आई अजून हयात आहे त्यांनी या सुट्टीत तिच्याजवळ वही घेऊन बसावे. ती काय रांधीत होती, बी कशात ठेवीत होती, दुष्काळात घर कसे चालले, कोणी दिले आणि कोणी नाकारले, हे तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. घरात एखादा जुना तुंबा असेल तर तो आजच खाली काढून पाहावा.

मी धर्मग्रामाच्या आवारात यंदा अंबाडीचा वाफा केला आहे. आईच्या हाताची चव तिला नाही. तरी मिस्सा झाल्यावर कोणी मागितले की मी बी देतो आणि पीठ पुरले का, असे विचारणाऱ्या त्या पत्राला मनातल्या मनात खरे उत्तर लिहितो.