मस्टरवरची तारीख

परळ-लालबागच्या पट्ट्यात मी महापालिकेत आस्थापनेची कारकुनी केली. सर्व्हिस बुकात नेमणुकीची तारीख भरणं हे बिनडोक काम. ५ मे २००८ पासून मात्र त्या रकान्याला वजन आलं. त्या दिवशी किंवा नंतर लागलेल्याला जुनी पेन्शन नाही, डीसीपीएस. पगारातून दहा टक्के कापायचे, पालिकेने भर घालायची, म्हातारपणी बाजार देईल ते घ्यायचं.

चौकीवर एकाच मस्टरवर हजेरी लावणारे दोन सफाई कामगार आठवतात. एक २००७ साली बापाच्या जागी पी.टी. केसमध्ये लागलेला, दुसरा २००९ सालचा. गल्ली तीच, मोकादम तोच. पहिल्याला शेवटच्या पगाराच्या निम्मं, वर डीए, त्याच्या मागे बायकोला फॅमिली पेन्शन. दुसऱ्याला फंडातला आकडा. तो मला विचारायचा, "साहेब, माझा कचरा हलका आहे का?" काय सांगणार?

पेन्शन थेट नाकारण्यापेक्षा तारीख घालणं सोपं असतं, एवढं मी टेबलावर शिकलो.

आमच्या चाळीत गिरणीवाले जास्त. तरी लग्नाच्या बैठकीत "मुलगा म्युनिसिपालटीत आहे" म्हटलं की पुढची बोलणी भरभर व्हायची, ती पेन्शनमुळेच. गिरणीत फंड होता आणि १९७१ पासून फॅमिली पेन्शन. पण ती कामगार नोकरीत असताना गेला तर त्याच्या घरच्यांना. जिवंत कामगाराला महिन्याची पेन्शन देणारी योजना आली १६ नोव्हेंबर १९९५ ला. तोवर १८ जानेवारी १९८२ चा संप होऊन तेरा वर्षं उलटली होती आणि लालबागचे कितीतरी भोंगे गप्प झाले होते.

त्याच १९८२ च्या १७ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने नकारा खटल्याचा निकाल दिला. ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना सुधारित पेन्शन नाही, असा केंद्राचा नियम होता. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने तो मोडला. पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, आणि नुसत्या तारखेवरून पेन्शनरांचे दोन तुकडे पाडता येत नाहीत, असं कोर्टाने बजावलं. मग सरकारांनी नवी योजनाच काढली आणि तारीख नोकरीच्या दाराशी आणून ठेवली: केंद्राची १ जानेवारी २००४, राज्याची १ नोव्हेंबर २००५. हुशारी मानली पाहिजे!

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी स्पष्ट सांगितलं, जुनी पेन्शन देणार नाही. १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल. बोजा खोटा नाही. हिशेब करणाऱ्याला तो दिसतोच. पण मार्चमध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले, १४ ते २० तारखेपर्यंत. मग समिती, आणि २०२४ मध्ये निम्म्या पगाराच्या हमीची सुधारित योजना.

त्याआधी जानेवारीत मंत्रिमंडळाने आणखी एक फट उघडली: नेमणूक नंतरची असली, तरी जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची असेल तर जुन्या पेन्शनचा पर्याय. सरकारी नोकरीतला माझा भाचा तेव्हापासून २००५ च्या वर्तमानपत्रातलं एक कात्रण शोधतोय. जाहिरात ऑक्टोबरची होती, असं तो म्हणतो. कात्रण हातात आल्याशिवाय अर्जाला जोडणार काय, असं मी म्हणतो.