तोड्याच्या बंदुकीचा चाप व कान : हिंगोलीकडील हत्यारांविषयीं कांहीं विचार

जुन्या हत्यारांचा संग्रह करणाऱ्यांच्या हातीं तोड्याची बंदूक आली म्हणजे नळीची लांबी, तिजवरील नक्षी, कुंद्याचें लाकूड व कोठें कोरलेलें असल्यास एखादें नांव, एवढें टिपून घेऊन ते थांबतात. चाप ओढल्यावर आंत काय घडतें व रंजकाची आग दारूपर्यंत कशी पोंचते, या दोन गोष्टींकडे क्वचितच कोणाचें लक्ष जातें. परंतु बंदूक चालते ती याच दोन गोष्टींवर. आणि हिंगोलीकडील लढायांच्या कागदांचा अर्थ त्यांवांचून नीट लागत नाहीं, असें आमचें मत आहे.

हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १९९९ सालीं परभणींतून निघाला. पण हिंगोलीचें नांव लष्करी इतिहासांत आलें तें निजामाच्या कंटिंजंट फौजेच्या छावणीमुळें. ही छावणी तेथें १८१९ पासून १९०३ पर्यंत होती. त्याच १८१९ च्या जानेवारींत हटकर नाईक नौसाजी याच्या गढीस, इंग्रजी कागदांतील नोवा हिला, मेजर पिटमन यानें वेढा घातला व ३१ तारखेस ती हल्ला करून घेतली. आंतील शिबंदींत अरबांचा भरणा मोठा होता व तींतील बहुतेक लोक लढतां लढतां पडले. बाहेर कंपनीच्या धर्तीवर कवाईत शिकलेल्या, चकमकीच्या बंदुका बाळगणाऱ्या पलटणी; आंत तोड्याच्या बंदुका. एवढ्यावरून जुन्या हत्याराचा नव्यानें पराभव केला असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. गढी पडली ती तोफांमुळें. आदल्या वर्षीं मालेगांवच्या वेढ्यांत याच जातीच्या बंदुकांनीं इंग्रजांचें किती नुकसान केलें, हें प्रसिद्धच आहे.

आतां चापाकडे वळूं. हिंदुस्थानी तोड्याच्या बंदुकींत चाप म्हणजे कुंद्याच्या पोटांतून खालीं आलेली एक चपटी लोखंडी पट्टी. ती आंतल्या आंत घोड्यास जोडलेली असते, आणि घोड्याच्या दुभंगलेल्या टोंकांत पेटता तोडा धरलेला असतो. पट्टी मागें ओढली कीं घोडा कुंद्याच्या खांचेंतून पुढें झुकून तोडा रंजकाच्या वाटींत टेंकवितो. येथें जोरानें सुटणारी कमान नाहीं; असलीच तर घोडा परत मागें आणणारी एखादी हलकी कमान असते. बोट जितकें हळू ओढावें तितका घोडा हळू उतरतो, व नळीस हिसका बसत नाहीं. चकमकीच्या बंदुकींत याच्या उलट. गारेनें पोलादावर ठिणगी पाडावयाची म्हणून कमान बळकट, कमान बळकट म्हणून चाप जड, आणि घोडा आपटतांच नळी हालते. भिंतीआड दबा धरून, बंदूक टेंकवून नेम धरणाऱ्या अरबास कोणती सोयीची, हें सांगावयास नको.

कानाची गोष्ट अधिक नाजूक आहे. कान म्हणजे नळीच्या बुडाशीं असलेलें बारीक छिद्र. वाटींतील रंजकाची आग त्यांतूनच आंत जाते. कान राखेनें बुजला तर वाटींत भडका होतो व बार आंतच राहतो. म्हणूनच कान साफ करण्याची सुई पुष्कळ बंदुकांना साखळीनें अडकविलेली दिसते. उलट फार वापरानें कान झिजून मोठा झाला, तर आगीचा झोत बाहेर फुटून गोळीचा जोर कमी होतो. वाऱ्यापावसांत वाटीवरील झांकण हाच काय तो आधार. पावसाळ्यांत पेटता तोडा सांभाळणें हें बरकंदाजाचें मोठेंच संकट होतें.

परंतु चकमकीची बंदूक तरी कितपत भरंवशाची होती? १८३४ त वुलिच येथें सहा हजार बारांची जी परीक्षा झाली, तींत चकमकीची बंदूक ९२२ वेळां चुकली, म्हणजे सुमारें साडेसहा बारांस एक. टोपीची मात्र अवघ्या ३६ वेळां. खरा फरक पडला तो टोपीनें. तोपर्यंत तोड्याची बंदूक टिकून राहिली तीस अडाणीपणा म्हणणें अन्यायाचें होईल. सुताच्या दोरीस सोऱ्याचें पाणी दिलें कीं तोडा तयार. चाप वांकला तर गांवचा लोहार तो सरळ करी. चकमकीस पाणी दिलेली कमान लागे आणि चांगली गार लागे. कंपनीच्या फौजेस ती विलायतेहून येई.

१८५७ नंतर प्रश्न निराळा झाला. हिंदी शिपायांस एन्फील्डच्याच घाटाची, पण आंतील पेंच काढलेली गुळगुळीत नळीची बंदूक देण्यांत आली; तेथें दोष यंत्राचा नव्हता, धोरणाचा होता. पुढें खालच्या दांडीनें उघडणारी मार्टिनी-हेन्री १८७१ त इंग्रजी फौजेंत आली, तरी जुनें दुखणें नव्या रूपानें उरलेंच. पितळी पत्र्याची गुंडाळी करून केलेलें काडतूस तापलेल्या नळींत चिकटून बसे. १८८५ त सुदानांत अबू क्ली येथें याचा फार बोभाटा झाला. तेव्हां काडतूस एकसंध ओढीव पितळेचें करण्यांत आलें व नंतरच्या नमुन्यांत दांडीही लांब केली, कीं जोर अधिक लागावा.

मोडी कागद वाचणाऱ्यांस एक सूचना कराविशी वाटते. नुसत्या ‘बंदूक’ या शब्दावरून ती कोणत्या जातीची हें ठरवूं नये. खर्चाची याद पाहावी. दारू व शिसें दोहींस लागतें. पण जामगी किंवा तोड्याचें सूत आलें तर तोड्याची, गारा आल्या तर बहुधा चकमकीची. बहुधा एवढ्याचसाठीं म्हणतों कीं, विस्तव पाडण्याच्या चकमकीसही गारच लागते. अशा ठिकाणीं संख्या पाहावी.

संग्रहकर्त्यांस विनंती ही कीं, बंदूक घांसूनपुसून चकचकीत करण्यापूर्वीं कानाचा व्यास मोजावा, तो नंतर बुजवून पुन्हां पाडलेला आहे कीं काय तें पाहावें, आणि चापाची खीळ किती झिजली आहे तें टिपावें. पुष्कळ ठिकाणीं शोभेसाठीं मूळचा घोडा काढून दुसऱ्या बंदुकीचा बसविलेला असतो. तो वाटीच्या बरोबर मध्यावर टेंकत नसेल, तर ती जोडी मूळची समजूं नये.