बास्केटबॉलला सिमेंटचे मैदान लागतेच का?

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या शाळांत बास्केटबॉलचा विषय निघाला की एक आक्षेप ठरलेला असतो : सिमेंटचे मैदान नाही, लोखंडी खांब नाहीत, पावसाळ्यात पटांगणात नुसता चिखल, मग सराव कसला करणार? या आक्षेपाला आज इतिहासाकडून उत्तर मागू या. धागा थोडा लांबेल.

डिसेंबर १८९१. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत एक वर्ग हिवाळ्यातील बंदिस्त कवायतीला विटला होता. हे १८ विद्यार्थी मुले नव्हती, चांगले वाढलेले पुरुष होते. दोन शिक्षकांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते. तिसरे शिक्षक जेम्स नेस्मिथ यांना नवा खेळ शोधण्यासाठी १४ दिवसांची मुदत मिळाली. फुटबॉल आणि लॅक्रोस चार भिंतींत बसविण्याचे त्यांचे प्रयत्न फसले.

मग त्यांना कॅनडातील बालपणीचा एक खेळ आठवला : 'डक ऑन अ रॉक'. मोठ्या खडकावर एक दगड ठेवायचा, एकाने तो राखायचा. इतरांनी आपापला दगड मारून तो पाडायचा आणि राखणाऱ्याने शिवण्याआधी आपला दगड उचलून परतायचे. जोराने सरळ फेकलेला दगड दूर जाई आणि तो आणताना गडी सापडे. कमानीसारखी हळुवार फेक करणारा सुटे. अशी फेक करण्याचा धडा तेथे कोणी देत नसे. तो खेळाच्या नियमातच होता. त्यावरूनच लक्ष्य आडवे आणि डोक्यांच्या वर असावे, हे नेस्मिथ यांना सुचले.

येथे अनेकांना लगोरी आठवली असेल. साम्य खरेच आहे. पण 'बास्केटबॉल लगोरीतून जन्मला' असा संदेश कृपया कोणी फिरवू नये. साम्य म्हणजे वंशावळ नव्हे.

नेस्मिथ यांनी शाळेच्या शिपायाकडे चौकोनी खोकी मागितली होती. मिळाल्या पीच फळांच्या टोपल्या. त्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून १० फुटांवर होता, आणि आज जगभर पाळली जाणारी उंची तीच. ज्या मापाला आपण शास्त्र समजतो ते एका इमारतीचे माप आहे! तेव्हा लहानांसाठी टोपली ७ फुटांवर बांधली तर खेळाचा मुळीच अवमान होत नाही. १८९२ मध्ये सेंडा बेरेन्सन यांनी स्मिथ कॉलेजच्या विद्यार्थिनींसाठी नियमच बदलून घेतले होते.

आता चिखलाचे पाहू. मूळ १३ नियमांत चेंडू आपटत नेणे नव्हतेच. जेथे झेलला तेथूनच तो फेकायचा. हे कौशल्य पुढे आले आणि त्यासाठी टणक जमीन आवश्यक झाली.

१९३६ साली बर्लिनमध्ये बास्केटबॉल प्रथमच ऑलिंपिकमध्ये खेळला गेला, तोही उघड्यावर, मातीच्या मैदानावर. अंतिम सामन्यात पाऊस कोसळला, चेंडू आपटेना. अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरविले. पंचाहत्तरीकडे झुकलेले नेस्मिथ बर्लिनमध्ये उपस्थित होते. याच ऑलिंपिकच्या निमित्ताने आपल्या विदर्भातील, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तेथे कबड्डीची प्रात्यक्षिके दाखविली होती. दोन खेळ, एक शहर, एक उन्हाळा. एक जगाचा झाला, दुसऱ्याच्या वाट्याला त्या वेळी कौतुक तेवढे आले.

तेव्हा पावसाळ्यात १८९१ चा खेळ खेळावा. चेंडू आपटायचा नाही, घेऊन पळायचे नाही, केवळ झेल आणि फेक. डक ऑन अ रॉकचा नियमही जोडता येतो : नेम चुकला तर शिवले जाण्याआधी आपला चेंडू उचलून रेघेपर्यंत परतायचे. आठ वर्षांच्या मुलीने रेघ जवळ आखावी, तिच्या काकांनी लांब.

टोपलीसाठी तर या दोन जिल्ह्यांइतकी सोयीची जागा नाही. बुरडांनी विणलेली बांबूची टोपली घरोघर असते. (त्या बांबूवर हक्क कोणाचा, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाच्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार २०११ साली मिळाला.) टोपली भक्कम फांदीला बांधावी. बूड मात्र आधीच काढून टाकावे. स्प्रिंगफील्डमध्ये ते तसेच राहिले होते, आणि गोल झाला की चेंडू काढायला कोणाला तरी शिडीवर चढावे लागे.