तांबड्या दिव्याची साक्ष

मोटारचालकासमोर जो फलक असतो, त्यास ‘डॅशबोर्ड’ म्हणतात. हा शब्द मोटारीहून जुना आहे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून बग्गीच्या पुढील अंगास जी फळी अथवा चामड्याचा आडोसा लावीत, त्याचे हे नाव. पुढे घोडा गेला, फळी मात्र राहिली आणि तिने अगदी उलट काम पत्करले. पूर्वी ती बाहेरचे काही आत येऊ देत नसे. आता आत काय बिघडले आहे ते ती दाखवू लागली.

आरंभीच्या मोटारी याबाबतीत जवळजवळ मुक्याच होत्या. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत पेट्रोल किती उरले हे पाहण्यास पुढची बैठक उचलून टाकीत पट्टी बुडवावी लागे. वंगणतेलाची पातळी पाहायची तर यंत्राच्या तळाशी असलेल्या दोन बारीक तोट्या उघडून तेल ठिबकते की नाही ते पाहावे लागे. पाणी उकळले की त्याची वर्दी वाफच देई. १९१२ च्या सुमारास रेडिएटरच्या टोपणावर बसवावयाचा ‘बॉइस मोटोमीटर’ हा तापमापक आला आणि यंत्राचा ताप चालकास बसल्या जागी दिसू लागला.

त्यानंतर फलकावर काटे आले आणि काट्यांमागून दिवे. १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील हडसन कंपनीने तेलाचा दाब आणि डायनॅमो यांच्यासाठी दिव्यांचा अवलंब केला. या दिव्यांची रचना मोठी सुबोध होती. तेलास पुरेसा दाब असला की त्या दाबाने एक पडदा सरके आणि विजेचा मार्ग तुटे. दाब घसरताच मार्ग जोडला जाऊन दिवा पेटे. डायनॅमोचा दिवा बॅटरी आणि डायनॅमो यांच्या मध्ये जोडलेला असे. दोन्हीकडचा विद्युत्दाब समान झाला की प्रवाह थांबे आणि दिवा विझे. दिवा विझणे हीच सर्व काही ठीक असल्याची खूण होती.

जाणत्या चालकांना हे रुचले नाही. त्यांनी या दिव्यांना ‘मूर्खांचे दिवे’ असे नाव ठेवले. त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. काटा हळूहळू सरकतो, म्हणजे संकट येण्यापूर्वीच सूचना देतो. दिवा संकट दाराशी आल्यावरच बोलतो. परंतु काटा पाहण्याची सवय किती जणांना असते? बेसावध माणसाचेही लक्ष वेधण्याची शक्ती तांबड्या दिव्यात होती, आणि मोटार ही मूठभर हौशी लोकांची वस्तू राहिली नव्हती. म्हणूनच दिवा टिकला.

या दिव्याला सामाजिक अर्थ मिळाला तो लॉस एंजेलिसच्या धुरकटलेल्या आकाशामुळे. आरी हागेन-स्मित या रसायनशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या काही वर्षांत असे दाखवून दिले की, मोटारींच्या धुरातील द्रव्यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते दाहक धुके तयार होते. मोटारीचा बिघाड ही केवळ मालकाची खासगी बाब उरली नाही. कॅलिफोर्निया राज्याने १९८८ सालच्या गाड्यांपासून प्रदूषण वाढविणारा दोष ओळखून दिवा लावणारी यंत्रणा आवश्यक केली. १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत नव्या मोटारींना सोळा टोकांची एकच जोडणी आणि दोषांची एकच सांकेतिक भाषा लागू झाली. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकत आहे, हे कोणत्याही कारखान्याच्या गाडीत सारखेच. भारतातही ‘भारत स्टेज चार’ मानकांबरोबर एप्रिल २०१० पासून या यंत्रणेचा पहिला आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा अमलात आला.

येथे एक मूलभूत प्रश्न उभा राहिला. गाडी मालकाची, मग तिच्या दोषाचे ज्ञान कोणाचे? केवळ उत्पादकाचे असेल तर कोपऱ्यावरचा कुशल मिस्त्री निरुपयोगी ठरतो आणि मालक पराधीन होतो. अमेरिकेने १९९० साली आपल्या स्वच्छ हवा कायद्यात दुरुस्ती करून ही माहिती दुरुस्ती करणाऱ्या सर्वांना खुली केली. तथापि कायदा झाला म्हणजे सचोटी आली असे नव्हे. २०१५ साली फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचे प्रकरण उघडकीस आले. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी आज्ञावली त्यांत बसविलेली होती. रस्त्यावर मर्यादा ओलांडली जात असता चालकासमोरचा दिवा शांतच राहिला. साक्षीदारालाच पढविलेले असेल तर साक्षीचा काय उपयोग?

म्हणून दिव्याची भाषा प्रत्येक चालकाने समजून घेतली पाहिजे. किल्ली फिरविताच सारे दिवे क्षणभर पेटतात, ही त्यांची हजेरी होय. त्या वेळी जो पेटत नाही त्याच्याविषयी शंका घ्यावी. तेलाचा तांबडा दिवा लागताच गाडी सुरक्षित जागी थांबवून यंत्र बंद करावे. यंत्राचा पिवळा दिवा स्थिर असेल तर लवकरच संकेत वाचून घ्यावा. कित्येकदा पेट्रोलच्या टाकीचे सैल झाकण एवढेच कारण निघते. तोच दिवा लुकलुकू लागला तर वेग उतरवावा, कारण न जळलेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाचा नाश करते. आणि संकेत हा निकाल नव्हे. तो दोष कोठे शोधावा ते सांगतो, कोणता भाग बदलावा ते नव्हे. संकेत पुसून दिवा विझविता येतो; रोग मात्र जागच्या जागी राहतो.

चिखल अडविण्यासाठी लावलेल्या फळीचा हा शंभराहून अधिक वर्षांचा प्रवास आहे. दिवा पेटतो तेव्हा त्याचा राग येणे स्वाभाविक आहे. परंतु राग दिव्यावर काढून कोणतीही गाडी मुक्कामाला पोहोचत नाही.