धुराचे मूळ कुठे? एका जुन्या गाडीची तपासणी आणि तिच्यामागचा इतिहास

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतील एका गॅरेजसमोर आम्ही एक जुनी पेट्रोल गाडी पाहिली. मालक निवृत्त शिक्षक. गाडी पीयूसी चाचणीत तिसऱ्यांदा नापास झाली होती. काळा धूर दिसत नव्हता, इंजिनही बरे चालत होते. तरी आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड साडेपाच टक्के भरत होता. अशा जुन्या चारचाकीला मर्यादा आहे ३ टक्क्यांची.

‘‘गुरुजी, स्क्रू जरा आवळून देतो. आजच्यापुरती पास होईल,’’ मिस्त्री म्हणाला.

‘‘वरचे गुण देऊन मी कधी कुणाला पास केले नाही, बाबा. दुखणे कुठे आहे ते शोध.’’

हे शोधणे म्हणजे विज्ञानाच्या इतिहासाचा एक धडाच ठरला. तो येथे मांडत आहोत.

पहिला प्रश्न, न दिसणारा वायू यंत्राला कळतो कसा? १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी दाखवून दिले की काही वायू उष्णतेचे किरण शोषून घेतात. कार्बन मोनॉक्साइड अवरक्त किरणांतील ठरावीक लहरीच शोषतो. धुरातून किरण सोडायचे आणि पलीकडे किती पोचले ते मोजायचे. या तत्त्वावरील विश्लेषक जर्मनीत १९३८ च्या सुमारास तयार झाले. पीयूसी केंद्रातील पेटी त्यांच्याच कुळातली.

दुसरा प्रश्न, हा वायू तयार का होतो? एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली की कार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड बनतो. अशा मिश्रणाला मिस्त्री ‘रिच’ म्हणतात. म्हणजे हवा कमी येते आहे किंवा पेट्रोल जास्त जाते आहे.

मिस्त्रीने एअर फिल्टर काढून पाहिला, स्वच्छ होता. चोक पूर्ण उघडत होता. कार्बोरेटर उघडून धुतला, फ्लोटची पातळी तपासली, ठीक होती. आकडा मात्र हलेना. मग त्याने अॅक्सिलरेटर दाबून धरला. फेरे वाढले तसा कार्बन मोनॉक्साइड कमी झाला! हवेची वाटच चोंदली असती तर जास्त हवा लागताना दोष वाढला असता. येथे उलट घडले. याचा अर्थ, कुठून तरी पेट्रोलची वाफ साधारण एकाच प्रमाणात आत येत होती. आयडलिंगला हवा थोडी, म्हणून तिचा प्रभाव मोठा. फेरे वाढले की हवा भरपूर, म्हणून प्रभाव कमी.

ही वाफ येणार कुठून? येथे इतिहास मदतीला येतो. पिस्टनच्या कडेने थोडे वायू खाली ऑइलच्या कोठीत उतरतात. पूर्वी ते एका नळीने सरळ रस्त्यावर सोडले जात. १९५० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा अभ्यास करताना आरी हागेन-स्मिट यांनी दाखवले की मोटारींतून निघणारी न जळलेली हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र येऊन हे धुरके बनते. मग १९६१ पासून कॅलिफोर्नियात नव्या गाड्यांतील कोठीचे वायू पुन्हा इंजिनातच जाळण्याची सोय आली. मोटारींवरील प्रदूषण-नियंत्रणाच्या अगदी पहिल्या उपायांपैकी हा एक.

मिस्त्रीने नेमकी हीच नळी काढून तिचे एअर फिल्टरकडचे तोंड बंद केले. आकडा दोन टक्क्यांखाली उतरला! ऑइलची दांडी ओढली तर ऑइल खुणेच्या वर आणि त्याला पेट्रोलचा वास. पेट्रोल पंपाचा रबरी पडदा वयोमानाने फाटला होता. तेथून पेट्रोल ऑइलमध्ये झिरपत होते आणि त्याची वाफ नळीवाटे इंजिनात येत होती. पडदा बदलला, ऑइल बदलले, नळी पुन्हा जोडली. गाडी पास झाली.

स्क्रू आवळला असता तर कागद मिळाला असता, पण पेट्रोलने पातळ झालेल्या ऑइलवर चालून बेअरिंगे झिजली असती. शिवाय शाळेच्या फाटकापाशी गाडी उभी राहिली की तो वायू मुलांच्या नाकातोंडात जातच राहिला असता. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, हे आपण वर्गात शिकवतोच.

भारतीय मोटारउद्योगाच्या आरंभाशी सोलापूरचे नाते आहे. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन करणारे वालचंद हिराचंद १८८२ मध्ये येथेच जन्मले. आणि १ एप्रिल २०१० रोजी राष्ट्रीय राजधानी क्षेत्राबरोबर ज्या १३ शहरांत भारत स्टेज-४ मानके प्रथम लागू झाली, त्यांतही सोलापूर होते. नव्या गाड्यांत ऑक्सिजन संवेदक आणि संगणक सतत मिश्रण तपासत असतात. पण संगणक दोषाची खूण सांगतो. कारण माणसालाच शोधावे लागते.

वर्गात ही गोष्ट सांगताना उत्तर शेवटपर्यंत राखून ठेवावे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आकडा काय म्हणतो ते पाहायचे, हे मुलांना सुचते का ते पाहावे. शुक्रवार पेठेतल्या त्या मिस्त्रीला हे कुणी प्रयोगशाळेत शिकवले नव्हते. गुरुजींनी फक्त खोटे गुण नाकारले होते.